संविधानाची द्विभाषिक आवृत्ती: तळटिपा भारी, पण सहकाराच्या भागात घात

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा बाइंडिंगने खाल्ला आणि एक सहकारी संस्थांच्या भागाने, तो का ते खाली येईलच, पण पुस्तक परत केलेलं नाही आणि करणारही नाही हे आधीच सांगतो.

घेतलं ते भारताच्या संविधानाचं द्विभाषिक पुस्तक, डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर मराठी, खाजगी प्रकाशनाचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना मेल टाकलाय, बघू काय म्हणतात. मी पतसंस्थेत कामाला आहे, जीडीसी अँड एच्या, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेच्या परीक्षेसाठी सहकार कायदा वाचताना सारखं घटनेचं कुठलं ना कुठलं कलम समोर यायचं आणि मोबाइलवर पीडीएफ झूम करत बसायचा कंटाळा आला म्हणून हे मागवलं. घरात खिशात मावेल अशी छोटी मराठी प्रत आधीपासून होती, पण तिच्यात फक्त आज लागू असलेला मजकूर, आधी काय होतं आणि कधी बदललं याचा पत्ताच नाही.

आणि या पुस्तकाचे पैसे वसूल होतात ते तिथेच. तळटिपा. जिथे जिथे घटना बदलली तिथे मजकूर चौकोनी कंसात, कंसाला बारीक आकडा, आणि पानाच्या तळाशी कितवी दुरुस्ती, कुठल्या साली, कुठल्या तारखेपासून अमलात. जिथे शब्द काढून टाकलेत तिथे फुल्या. एकदा ही सवय लागली की मग तुम्ही पान वरून खाली वाचतच नाही, खालून वर वाचता. उद्देशिकेतच बघा, "समाजवादी धर्मनिरपेक्ष" कंसात, पुढे "एकात्मता" कंसात, खाली बेचाळिसावी दुरुस्ती १९७६, अंमल ३ जानेवारी १९७७. अनुच्छेद ३१ काढा, मालमत्तेचा मूलभूत हक्क होता तिथे, आता नुसतं "निरसित", म्हणजे रद्द, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून उचलून मागे ३००क मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. लोकसभेची मुदत पाच वर्षं, मग बेचाळिसाव्याने सहा, मग चव्वेचाळिसाव्याने परत पाच, हे सगळं दोन ओळींच्या टिपेत. आणीबाणीच्या ३५२ मध्ये आधी "अंतर्गत अशांतता" होतं ते काढून "सशस्त्र उठाव" घातलं, तेही तसंच. शाळेत नागरिकशास्त्रात जे रट्टा मारून पाठ केलं होतं ते इथे डोळ्यासमोर घडताना दिसतं, कोणी घातलं, कोणी काढलं, आणि मध्ये किती महिने गेले.

छपाई स्वच्छ आहे. फक्त तळटिपांचा फॉन्ट इतका बारीक की चाळिशीच्या पुढच्यांनी चष्मा पुसून बसावं. ज्या गोष्टीसाठी पुस्तक घ्यायचं तीच सगळ्यात बारीक छापायची, हे कोणाच्या डोक्यातून आलं कुणास ठाऊक.

नववी अनुसूची आवर्जून बघा, बहुतेक जण ती सोडून देतात कारण ती नुसती कायद्यांची यादी आहे, २८४ नोंदी. पण ही पहिल्याच दुरुस्तीतून आलीय, १९५१ची, म्हणजे घटना लागू होऊन दीड वर्ष होत नाही तोवर. जमीनसुधारणेचे कायदे कोर्टात अडकायला लागले म्हणून त्यांना कवच द्यायला ही अनुसूची केली, आणि सुरुवातीच्या १३ कायद्यांत दुसऱ्याच नंबरवर मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८. म्हणजे आपला कूळ कायदा! ज्यांच्या घरात कुळाच्या जमिनीवरून अजून धुसफूस चालते त्यांनी ते पान उघडून बघावं.

आता मुख्य पान, अनुच्छेद ३६८. या पुस्तकात ते बरोबर उघडतं, दोन्ही भाषा समोरासमोर असल्याचा फायदा इथे सगळ्यात जास्त होतो, कारण वाक्य लांबलचक आहे आणि एका भाषेत अडलं की दुसरीकडे नजर टाकता येते. घटनादुरुस्ती म्हणजे दोन तृतीयांश बहुमत, हे सगळ्यांना माहीत असतं, पण अटी दोन आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश, आणि शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त. लोकसभा ५४३ची धरली तर समजा ४०० जणांनी मत दिलं, त्याचे दोन तृतीयांश २६७ होतात, पण २६७ने काम होत नाही, २७२ लागतातच. ५०० जणांनी मत दिलं तर उलटं, २७२ पुरत नाहीत, ३३४ लागतात. आणि हे दोन्ही सभागृहांत वेगवेगळं, संयुक्त बैठक बोलावून निभावून नेता येत नाही. १९७० साली संस्थानिकांचे तनखे बंद करायचं विधेयक राज्यसभेत आलं, बाजूने १४९, विरोधात ७५, बेरीज २२४, तिचे दोन तृतीयांश १४९.३३, म्हणजे एका मताच्याही नाही, मताच्या तुकड्याने पडलं. पुढच्या वर्षी सव्विसावी दुरुस्ती करून तनखे बंद केलेच. हा किस्सा पुस्तकात नाही, असायला हवा होता, प्रस्तावनेत बारा पानं घालवलीत त्यापेक्षा.

याच अनुच्छेदाच्या परंतुकात, म्हणजे "परंतु" म्हणून जोडलेल्या अटीत, राज्यांचा वाटा आहे आणि संघराज्य म्हणून आपण नक्की कसे आहोत ते इथे कळतं. सगळ्या दुरुस्त्यांना राज्यांना विचारावं लागत नाही. राष्ट्रपतीची निवडणूक, केंद्र आणि राज्यांच्या कार्यकारी अधिकारांची व्याप्ती, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टं, केंद्र-राज्य यांच्यातली कायदे करायच्या अधिकारांची वाटणी, सातव्या अनुसूचीतली कुठलीही सूची (केंद्राचे, राज्याचे आणि दोघांचे समवर्ती अशा विषयांच्या तीन याद्या), संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, आणि खुद्द ३६८, यांना हात लावायचा असेल तर निम्म्याहून कमी नाहीत इतक्या राज्य विधानमंडळांची मंजुरी लागते, आज २८ राज्यं म्हणजे १४. राज्यांत साध्या बहुमताचा ठराव चालतो. किती दिवसांत करायचा याची मुदत नाही. आणि राज्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं, स्वल्पविराम बदलायची सोय नाही, स्वतःहून घटनादुरुस्तीचा प्रस्ताव आणायची तर त्याहून नाही. जीएसटीची एकशे एकावी दुरुस्ती याच वाटेने गेली, २०१६च्या ऑगस्टमध्ये सगळ्यात आधी आसामने मंजुरी दिली आणि सप्टेंबरात राष्ट्रपतींची सही झाली.

राज्यसूची उघडली तर हा सगळा इतिहास दाताच्या कवळीसारखा दिसतो, मध्ये मध्ये खिंडारं. नोंद ११ गायब, ते शिक्षण होतं. १९ गायब, वनं. २० गायब, वन्य प्राणी आणि पक्षी. २९, वजनं-मापं, तीही गायब. बेचाळिसाव्या दुरुस्तीने ही सगळी उचलून समवर्ती सूचीत नेली, म्हणजे आता दोघंही कायदा करू शकतात पण टक्कर झाली तर साधारणपणे केंद्राचा टिकतो. नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेवरून राज्यं का ओरडतात ते या एका गायब नोंदीत आहे. आणि नोंद ५२ बघा, स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरचा कर, म्हणजे जकात, एकशे एकाव्याने काढली. मुलुंड, दहिसरच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती तळटीप वाचताना काय वाटेल ते वाटो, मला तर बरंच वाटलं, पण त्याच वेळी हेही दिसलं की महापालिकेचं हक्काचं उत्पन्न गेलं आणि बदल्यात आलं ते २७९क, जीएसटी परिषद, जिच्यात केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला लागतं तीन चतुर्थांश. हिशोब करून बघा, केंद्राला नको असलेलं काहीच होऊ शकत नाही, आणि एकट्या केंद्राला हवं म्हणूनही होऊ शकत नाही.

अनुच्छेद ३ मात्र पहिल्यांदा नीट वाचला आणि जरा हबकलोच. नवीन राज्य करणं, राज्याच्या सीमा बदलणं, नाव बदलणं, हे सगळं संसद साध्या बहुमताने करू शकते. त्यासाठी पहिली आणि चौथी अनुसूची बदलावी लागते, पण अनुच्छेद ४ म्हणतो की ही ३६८ खालची घटनादुरुस्ती धरायचीच नाही! संबंधित विधानमंडळाचं मत मागवायचं, मुदतीत आलं तर ठीक, नाही आलं किंवा विरोधात आलं तरी अडत नाही. २०१४ला तेलंगण झालं तेव्हा आंध्रच्या विधानसभेने विधेयक नाकारलं होतं, तरी राज्य झालंच. १ मे १९६०चा महाराष्ट्रसुद्धा कायद्याच्या भाषेत मुंबई पुनर्रचना अधिनियम १९६० या साध्या कायद्याने झालाय, त्यामागे १०६ हुतात्मे आणि अख्खं आंदोलन होतं ही गोष्ट अर्थात कुठल्या तळटिपेत मावणारी नाही. ३७१(२) मध्ये त्या कायद्याची खूण अजून आहे, आधी तिथे मुंबई राज्य होतं, आता "महाराष्ट्र किंवा गुजरात", आणि पुढे विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद. ती मंडळं १९९४ला आली आणि २०२०ला त्यांची मुदत संपली, पण तरतूद आहे तिथेच आहे, म्हणून कोणी म्हणालं की घटनेत लिहिलंय म्हणजे चालू असणारच तर हे पान दाखवा. अनुच्छेद म्हणतो की राष्ट्रपती तसा आदेश काढू शकतात. काढलाच पाहिजे असं म्हणत नाही.

अमेरिकेत राज्याच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा पाडता येत नाही. पुस्तकाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, "इतर संघराज्यांतील घटनादुरुस्ती", त्यात ही तुलना येईल असं वाटलं होतं, नाही आली. परिशिष्ट एकूणच घाईत उरकलंय. अमेरिकेत काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर तीन चतुर्थांश राज्यं, म्हणजे ५० पैकी ३८, एवढं दिलंय, पण त्यामुळे आजवर फक्त २७ दुरुस्त्या झाल्यात आणि त्यातली सत्ताविसावी १७८९ला मांडलेली थेट १९९२ला मंजूर झाली, हे नाही. ऑस्ट्रेलियात लोकांचं सार्वमत, देशात बहुमत आणि शिवाय सहापैकी चार राज्यांत बहुमत, ४५ प्रस्तावांपैकी ८च पास. जर्मनीत दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, पण संघराज्याची रचना आणि मानवी प्रतिष्ठा यांना हातच लावायचा नाही असं घटनेतच लिहून ठेवलंय. आपल्याकडे शंभरावर दुरुस्त्या झाल्या म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना ही तीन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवून दाखवता आली असती, आपली घटना लांब आहे, त्यात बारीकसारीक कारभारही लिहिलाय, तर बदलही जास्त होणार. आणि तसं लिहिलं नसताना आपल्याकडे ती मर्यादा कोर्टाने घातली, २४ एप्रिल १९७३, केशवानंद भारती खटला, सुप्रीम कोर्टाचे तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, संसद घटना बदलू शकते पण तिची मूलभूत संरचना मोडू शकत नाही. १९९४च्या बोम्मई खटल्याच्या निकालात संघराज्य हेही त्या संरचनेतच धरलं गेलं.

आता तक्रार. घटनादुरुस्ती संसद करते, काही वेळा राज्यंही हो म्हणतात, पण शेवटचा हात कोर्टाचा असतो, आणि कोर्टाने दुरुस्ती रद्द केली तरी छापील मजकुरातून ती आपोआप निघत नाही, मजकूर जागेवर राहतो आणि खाली टीप येते. ३६८ चेच खंड (४) आणि (५) घ्या, बेचाळिसाव्याने घातलेले, की घटनादुरुस्तीला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही. १९८०ला मिनर्व्हा मिल्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. पुस्तकात दोन्ही खंड छापलेत, खाली टीप आहे, उत्तम. १२४क, न्यायिक नेमणूक आयोग, नव्याण्णवावी दुरुस्ती, निम्म्याहून जास्त राज्यांनीही मंजूर केलेली, ऑक्टोबर २०१५ला रद्द, तिथेही टीप आहे. म्हणजे संपादकाला हे करायचं असतं ते माहीत आहे. आणि मग भाग नऊ-ख येतो, सहकारी संस्था, सत्त्याण्णवावी दुरुस्ती २०११, अख्खा भाग जसाच्या तसा छापलाय, संचालक मंडळात जास्तीत जास्त २१, मुदत पाच वर्षं, सगळं, आणि खाली कोर्टाबद्दल एक अक्षर नाही!

२० जुलै २०२१ला सुप्रीम कोर्टाने हा भाग राज्यातल्या सहकारी संस्थांपुरता रद्द ठरवलाय. कारण अगदी ३६८च्या परंतुकातलं. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला विषय, नोंद ३२, त्यावर राज्यांचे हात बांधायचे तर निम्म्या राज्यांची मंजुरी घ्यायला हवी होती, ती घेतलीच नव्हती. बहुराज्य सहकारी संस्थांपुरता तो भाग शिल्लक राहिला, कारण तो विषय केंद्राचा. १९(१)(ग) मध्ये घातलेले "सहकारी संस्था" हे शब्द आणि ४३ख तसेच आहेत, त्यांच्यावर वाद नव्हता. संघराज्यात राज्यांना न विचारता त्यांच्या विषयात हात घातला की काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही, आणि ते महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मराठी आवृत्तीत गाळलंय, जिथे साखर कारखान्यापासून हाउसिंग सोसायटीपर्यंत अर्धं गाव कुठल्या ना कुठल्या सहकारी संस्थेचं सभासद असतं. आमच्याकडे २०१३ला सहकार कायदा बदलून क्रियाशील सभासद, सहकारी निवडणूक प्राधिकरण वगैरे आलं ते याच दुरुस्तीमुळे, आणि तो राज्याचा कायदा असल्यामुळे निकालानंतर आपोआप गेला नाही, त्यामुळे लोकांचा गोंधळ आधीच आहे. एखादा परीक्षेचा पोरगा हे पुस्तक प्रमाण मानून उत्तर लिहील आणि मार्क घालवून बसेल. एक स्टार गेला तो इथे.

उलट ३४२क चं पान इतकं छान केलंय की राग थोडा उतरतो. एकशे दोनाव्या दुरुस्तीने हा अनुच्छेद आला, मे २०२१च्या मराठा आरक्षणाच्या निकालात कोर्टाने अर्थ लावला की आता मागास वर्ग ठरवायचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही, आणि ऑगस्टमध्ये लगेच एकशे पाचावी दुरुस्ती करून राज्यांना स्वतःची यादी ठेवायचा अधिकार परत दिला. दोन्ही थर कंसात कंस करून दाखवलेत. वाचायला किचकट आहे, पण टीव्हीवरच्या चार चर्चांत जे कळलं नव्हतं ते या पानावर कळलं.

एकशे सहावी, महिला आरक्षणाची, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ ने झालेली, ती मूळ पुस्तकात नाही. सुटा छापलेला कागद मध्ये सरकवून दिलाय. विचार चांगला, पण तो कागद पहिल्याच दिवशी घरंगळून सोफ्याखाली गेला, मी आता ३३०क जिथे यायला हवं तिथे डिंकाने चिकटवलाय.

बाइंडिंग कमजोर आहे, सातव्या अनुसूचीपाशी पाठ सुटायला लागलीय, अर्थात सगळ्यात जास्त उघडतोय मी तेच, पण जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाने एवढं तरी सहन करावं. सूची इंग्रजी शब्दांवर चालते, मराठीतून शोधायचं तर अनुच्छेदाचा नंबर माहीत पाहिजे, आणि २४३ च्या पुढे अक्षरं लागत लागत जी मालगाडी होते तिथे मराठी नंबर आणि आपण बोलतो ते "टू फोर्टी थ्री झेड एच" यांचा मेळ घालणारा तक्ता हवा होता. कागद बरा, मागचं दिसत नाही. मूळ हस्तलिखिताच्या पानांचे फोटो टाकलेत, नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची सजावट, पण काळ्यापांढऱ्यात, त्यापेक्षा नसते टाकले तरी चाललं असतं.

वकिलांना याचा उपयोग नाही, त्यांच्याकडे निकालांसकट मोठी पुस्तकं असतात. एमपीएससीवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, ग्रामपंचायतीत नुकतेच निवडून आलेले, आणि पेपरात "घटनादुरुस्ती" वाचून नक्की काय बदललं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरूर घ्यावं. फक्त कुठलीही आवृत्ती घेताना दुकानातच तीन जागा उघडून बघा, पहिल्या पानावर कुठल्या तारखेपर्यंत सुधारित ते, ३६८च्या खंड (४)-(५) खालची टीप, आणि भाग नऊ-ख खालची. पहिल्या दोन आहेत आणि तिसरी नाही असं दिसलं तर ते हेच पुस्तक, मग पेन्सिलीने तारीख लिहून टाका, २० जुलै २०२१. प्रकाशकाकडून उत्तर आलं आणि पुढच्या छपाईत सुधारलं तर एक स्टार परत देईन, बाइंडिंगचा अर्धा मात्र नाही.